संध्याकाळची अचकन, सकाळची विजार

लष्कर, ग्वाल्हेर
१२ एप्रिल २०२५

ती. उषाताईंस,
साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, सगळे ठीक आहेत. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनची चावडी झाली आहे. मी ‘हॅलो’ म्हटलं की सूनबाई स्पीकर लावते आणि मग समरजीतपासून पोळ्या करणाऱ्या बाईपर्यंत सगळे तुमच्याशी बोलतात, मी सोडून. धाकट्या भावाला मोठ्या बहिणीशी दोन शब्द एकट्यानं बोलायचे तर आता पोस्टाचाच आधार.

बातमी अशी की चिरंजीव समरजीत आम्हा दोघांना इटलीला नेतो आहे. पाच जूनला निघायचं, चौदा दिवस. डोंगरात एक मोठं तळं आहे, त्याच्या काठी हॉटेल. इथं तेव्हा डांबर वितळत असेल आणि तिथं म्हणे संध्याकाळी शाल लागते. इथवर सगळं उत्तम. पण सूनबाई गरिमानं एक तक्ता केला आहे आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे. डाव्या रकान्यात दिवसाचे कपडे, उजव्या रकान्यात संध्याकाळचे. चौदा दिवस, माणशी अठ्ठावीस पोशाख! मी विचारलं, आपण फिरायला चाललो आहोत की नाटक घेऊन दौऱ्यावर? तर म्हणते, “पापाजी, आप समझते नहीं हो, फोटोमध्ये रिपीट दिसून राहतं ना!”

माझ्या रकान्यात दिवसा बदामी रंगाची विजार आणि पांढरे बूट, मोज्यांशिवाय. मोज्यांशिवाय, ताई! संध्याकाळी ‘स्मार्ट कॅज्युअल’. याचा अर्थ घरात कुणालाच सांगता येत नाही. समरजीत म्हणाला, नीटनेटकं, पण मुद्दाम केलंय असं वाटू नये असं. मुद्दाम न केलेलं दिसावं म्हणून तक्ता! दाल बाजारातलं एक कुटुंब मागच्या वर्षी युरोपला गेलं, तेव्हा आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांनी पोपटी टीशर्ट घातले होते आणि पाठीवर आडनाव छापलं होतं, कुणी हरवू नये म्हणून. आमचीही वाटचाल त्याच दिशेनं आहे.

तर मी ठरवलं आहे. दिवसा काय ते घालू, पण संध्याकाळी आपल्या घराण्याला शोभेल तेच होईल. मी काळी अचकन आणि शिंदेशाही पगडी. विजया चंदेरी नऊवारी, नथ, डोक्यावर पदर. दिवसाही तिनं साडीच नेसायची, तक्त्यात काहीही असो. आजोबा दरबारच्या मंडळींबरोबर विलायतेला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर चौदा ट्रंका होत्या आणि दिवसातून तीनदा पोशाख बदलत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या माणसाचा नातू मोजे न घालता जेवायला बसणार?

काम एवढंच की बैठकीतल्या त्यांच्या मोठ्या फोटोत गुंड्या नीट दिसत नाहीत. दाना ओलीतल्या गोविंद मास्तरला, आपल्या शिंप्याला, अचकनीचा काट समजत नाही. मूळ लहान फोटो तुमच्याकडे आहे, तो पाठवा.

विजयाला विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” पंचेचाळीस वर्षं तिचं हेच उत्तर आहे, म्हणून तर घर सुरळीत चाललं.

आपला,
दौलत


देवास
२० एप्रिल

चि. दौलत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, मुंग्यांनी बैठक भरवल्यासारखं.

काळी अचकन आणि पगडी घालून तू त्या हॉटेलच्या दाराशी उभा राहणार, हे वाचून मी चहा सांडला. अरे, मोठ्या हॉटेलांत पगडी कोण घालतं, ठाऊक आहे ना? दार उघडणारा. चार दिवसांत लोक तुझ्याकडे सामान देतील आणि गाडी आणायला सांगतील. तू आणशीलही, कारण इंग्रजीत नाही म्हणायला तुला कधी जमलं नाही.

सुनेच्या तक्त्याला नावं ठेवतोस आणि स्वतः दुसरा तक्ता करून बसला आहेस. फरक इतकाच की तिचा फ्रिजवर आहे, वाचता तरी येतो. विजयाला ‘विचारलं’ म्हणतोस. काय विचारलंस? “मी असं ठरवलंय, ठीक ना?” याला विचारणं म्हणत नाहीत, कळवणं म्हणतात. मागच्या दिवाळीत ती जिन्यावर निरीत पाय अडकून पडली. तू मला फोनवर काय सांगितलंस आठवतं का? “बघून चालत नाही.” तिच्या गुडघ्याला आता नऊवारीचा बोंगा घेऊन डोंगरात फिरवणार आहेस?

फोटो माझ्याकडे आहे. पाठवावा की नाही याचा विचार करते आहे. का, ते विचारू नकोस.

तुझी,
उषाताई


लष्कर, ग्वाल्हेर
१ मे

ती. उषाताईंस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे टोमणे पोचले, फोटो पोचला नाही. गोविंद मास्तर अचकन अर्धी शिवून बसला आहे. तो रोज विचारतो, “साहब, बटन पाँच कि सात?” मी काय सांगू?

नऊवारीचा प्रश्न मात्र आपोआप मिटला. त्याची हकीकत ऐका. गेल्या रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र घेऊन आत गेलो, तर आपली विजया जेवणाच्या टेबलापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. अंगात राखाडी विजार, वर गुडघ्यापर्यंत कुर्ता, पायात नाड्यांचे जाडजूड बूट. डोक्यावर पदर नाही, कारण पदरच नाही. गरिमा टाळ्या वाजवून म्हणत होती, “मम्मीजी, एकदम मस्त! अजून एक राउंड.” सहासष्ट वर्षांची बाई!

मला हसू आवरेना. मी म्हटलं, “काय हो, सर्कशीत भरती झालात की होमगार्डात? सॅलूट तर करून दाखवा!” समरजीत इतका हसला की त्याला ठसका लागला. पोळ्यावाली बाई पदर तोंडाला लावून आत पळाली. गरिमा हसली नाही, पण तिला विनोद कळत नाहीत. विजयाही हसली असावी. तिचं तोंड खिडकीकडे होतं. मग ती आत गेली, साडी नेसून आली आणि आम्हाला पोहे वाढले. विषय संपला.

परवा ती आपणहून म्हणाली, “माझे गुडघे दुखून राहिले आहेत. तुम्ही तिघं जाऊन या.” बघा, शेवटी बाईमाणूस समजूतदार असतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. तिथं पायऱ्याच पायऱ्या आहेत, तिला झेपलं नसतं. समरजीतला तिचं तिकीट रद्द करायला सांगितलं. तो काही न बोलता गेला, म्हणजे पटलं असावं.

फोटो मात्र आता लवकर पाठवा.

आपला,
दौलत


लष्कर, ग्वाल्हेर
४ मे

ती. वन्संना,
विजयाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र ह्यांना ठाऊक नाही. गरिमा पोस्टात टाकणार आहे. ह्यांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण साधारण अंदाज आहे. त्यांना रागावू नका, इतकंच सांगायला लिहायला बसले. पण बसले आहे तर बाकीचंही लिहिते.

गुडघे दुखतात हे खोटं नाही. पण चालताना दुखत नाहीत. निऱ्या एका हातात, पदर दुसऱ्या हातात आणि नजर पायाशी, असं चढताना दुखतात. फेब्रुवारीपासून मी सकाळी सहाला गरिमाबरोबर फूलबागेत जाते. घरात दूध आणायला जाते असं सांगते. पहिल्या दिवशी अर्धी फेरी झाली आणि मी बाकावर बसून रडले, इतका दम लागला. एप्रिलमध्ये पाच फेऱ्या होत होत्या. विजार घातली की पायांना कुणी धरून ठेवलेलं नसतं, वन्सं. हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या तळ्यावरच्या डोंगरात त्यांच्या लोकांचं एक लहानसं देऊळ आहे. हॉटेलच्या मागून तिथवर पायवाट जाते. गरिमानं फोनवर दाखवली होती. मला इटली नको होती, कपडे नको होते, मला ती पायवाट हवी होती. लग्न झाल्यापासून मी ह्यांच्या दोन पावलं मागून चालते, आपल्याकडची रीतच ती. काशी पाहिली, उज्जैन पाहिलं, गोव्याचा समुद्र पाहिला, सगळं ह्यांच्या पाठीच्या बाजूनं जेवढं दिसलं तेवढं. वाटलं, एकदा समोर कुणी नसताना चालावं. शालूत पुतळ्यासारखं बसवायला मला तिकडं नेणार असतील, तर मी इथंच बरी. बैठकीत तशी जागा रिकामी आहे.

ते हसले, त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. फार वाटलं. समरजीत हसला त्याचं जास्त वाटलं. लहानपणी त्याचे बूट मी बांधत असे.

पण तुम्हाला एक गंमत सांगते. रोज दुपारी हे बैठकीचं दार लावून घेतात आणि काटा-सुरीनं पराठा खायची तालीम करतात. काटा बशीवर आपटतो, सुरी घसरते, एकदा पराठा दिवाणाखाली गेला. सगळं बाहेर ऐकू येतं. मी घरात बजावून ठेवलं आहे की कुणीही हसायचं नाही. म्हणून म्हणते, रागावू नका.

तिकीट एव्हाना रद्द झालं असेल. मी विचारलं नाही.

तुमची,
विजया


देवास
१० मे

दौलत यास,

आशीर्वाद तुला या वेळी देत नाही. पुढच्या पत्रात बघू.

मला घरातून कुणी काही कळवलेलं नाही, तुझंच पत्र पुरेसं होतं. ‘विजयाही हसली असावी, तिचं तोंड खिडकीकडे होतं.’ हे वाक्य तू स्वतःच्या हातानं लिहिलंस, आणि तरी तुला ते वाचता आलं नाही!

फोटो पाठवते आहे. तुला गुंड्या मोजायच्या आहेत ना? आधी मागची बाजू वाच. आजोबांचंच अक्षर आहे: ‘जामदारखान्याकडील मंडळी, मुक्काम लंडन.’ जामदारखाना म्हणजे धन्याचे पोशाख आणि दागिने सांभाळण्याचं खातं, हे दरबारी घराण्याचा अभिमान सांगणाऱ्याला माहीत असेलच. चौदा ट्रंका खऱ्या आहेत. त्यांच्या किल्ल्या आजोबांकडे होत्या, आतले पोशाख दुसऱ्यांचे. दिवसातून तीनदा पोशाख बदलत हेही खरं. दुसऱ्यांचे बदलत.

आता पुढची बाजू भिंगातून बघ. त्यांनी स्वतः काय घातलं आहे? जाडाभरडा कोट आणि विजार. डोकं उघडं. तुझ्या बैठकीतला मोठा फोटो बाबांनी यावरूनच करून घेतला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि बाबांबरोबर त्या फोटोवाल्याच्या दुकानात बसले होते. त्यानं कुंचल्यानं पगडी काढली, अंगरखा काढला, मोत्यांचा कंठा काढला. बाबा म्हणाले, “पगडी जरा मोठी काढा.” तुझा गोविंद मास्तर त्या रंगाच्या फराट्यांत गुंड्या शोधतो आहे.

आजोबांची मला लाज वाटत नाही, नीट ऐक. बोटीनं जाऊन, परक्या मुलखात राहून, त्या माणसानं चौदा ट्रंका जशाच्या तशा परत आणल्या. थंडी वाजली म्हणून विजार घातली आणि कामाला लागला. लाज बाबांना वाटली. आणि तुला वाटते, स्वतःची, म्हणून तू दुसऱ्यांना हसतोस.

मी पंधरा वर्षांची असताना सायकल शिकले होते, आठवतं? कंपूच्या मैदानावर, सलवार-कुर्ता घालून. तीन आठवड्यांत मला हात सोडून चालवता यायला लागली होती. एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, “हिला आता पोस्टमनची नोकरी बघू का?” सगळे हसले. तू सगळ्यात मोठ्यानं. बाबांनी मला सायकल चालवायला मनाई केली नव्हती. त्यांनी कशालाच कधी मनाई केली नाही. हसणं पुरायचं. मी पुन्हा सायकलला हात लावला नाही, आणि आज पंचाहत्तराव्या वर्षी स्वप्नात सायकल चालवते.

विजयाच्या बाबतीत हे झालेलं मला चालणार नाही. ती तिथं जाईल, आणि तिला हवं ते घालून जाईल. ते तू कसं करायचं ते तुझं तू बघ. नाही जमलं तर जन्मभर काट्यानं पराठे खात बस, एकटा.

उषाताई


लष्कर, ग्वाल्हेर
२६ मे

ती. उषाताईंस,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. काट्याचं तुम्हाला कुणी सांगितलं ते विचारत नाही. या घरात भिंतींनाही स्पीकर लावलेला दिसतो.

फोटो भिंगानं पाहिला. चार दिवस पाहिला. आजोबांचा कोट खांद्यात थोडा मोठा आहे, बहुधा कुणाचा तरी जुना असावा. पण उभे छान राहिले आहेत. बैठकीतला मोठा फोटो मी भिंतीवरून उतरवला नाही, पण त्याच्याकडे पाहिलं की हल्ली पगडीच दिसते, आजोबा दिसत नाहीत. गोविंद मास्तरला सांगितलं, अचकन राहू दे. तो म्हणाला, “साहब, अच्छा हुआ, गर्मी में मर जाते.” दीड महिना गुंड्यांखेरीज शब्द काढला नाही आणि आता शहाणपण शिकवतो!

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी विजयाला म्हटलं होतं, चल. ती म्हणाली, गुडघे. मी म्हटलं, “विजार घालून चल, मी परवानगी देतो.” यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विजेचं मीटर बघायला आलेला माणूस आहे. गरिमा पोळी लाटता लाटता म्हणाली, “पापाजी, मम्मीजींनी परमिशन माँगी कहाँ थी?” ही मुलगी एरवी धड एक वाक्य मराठीत बोलत नाही, पण नेमकं बोलते.

ताई, मला माफी मागता येत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. शब्द ओठांपर्यंत येतात आणि टोमणे होऊन बाहेर पडतात. दोन आठवडे मी प्रयत्न केला. एकदा तर ‘मी चुकलो’ म्हणायला गेलो आणि ‘आमटीत मीठ कमी आहे’ म्हणून परत आलो. मग विचार केला, मी तिला सगळ्यांसमोर हसलो ना? तर तिनंही मला सगळ्यांसमोर हसावं. पोटभर हसावं, आणि हे प्रकरण मिटावं.

शनिवारी फूलबागेजवळच्या एका दुकानात जाऊन मी हाफपँट घेतली. गर्द निळी, बाजूला सहा खिसे, गुडघ्याच्या वर चार बोटं. दुकानदारानं विचारलं, नातवासाठी का? मी हो म्हटलं. काल रविवार. सगळे टेबलाशी जमल्यावर मी ती घालून बाहेर आलो. खाली काळे मोजे आणि ऑफिसचे बूट, कारण दुसरे नव्हते. माझे पाय शाळा सुटल्यापासून कुणी पाहिले नाहीत. मीही फारसे पाहिले नव्हते. दोन उसांना मोजे चढवल्यासारखे दिसतात.

समरजीतचा घास हातातच राहिला. गरिमा ओढणी तोंडात कोंबून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून भांडं पडल्याचा आवाज आला. मी खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. सॅलूट केला. विजयाकडे बघत उभा राहिलो.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यांपाशी जरा जास्त वेळ. मग उठली, जवळ आली, कमरेशी दोन बोटं घालून कापड ओढून पाहिलं आणि म्हणाली, “ढिली होऊन राहिली आहे. गोविंद मास्तरकडून आत घेऊन आणा. तिथं चढताना घसरेल.”

तिथं, म्हणाली. समरजीतनं मान खाली घातली आणि सांगून टाकलं की तिकीट त्यानं रद्द केलंच नव्हतं, महिनाभर आईकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. तिनं त्याच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. मला मात्र म्हणाली, “पायवाटेवर मी पुढे चालीन. तुम्ही मागून या.” मी हो म्हटलं. पाचला निघतो. राखाडी विजार तिनं स्वतः इस्त्री केली आहे.

सगळं तुमच्या मनासारखं झालं. पण ताई, ती हसली नाही. मी त्यासाठीच उभा होतो. तिनं माझ्या बशीत पोहे वाढले, वर खोबरं घातलं, लिंबाची फोड ठेवली, आणि मी त्या चड्डीत तसाच उभा, तिच्या तोंडाकडे बघत. बसा म्हणाली, गार होतील. मी एकाहत्तर वर्षांचा माणूस, बसलो आणि रडलो, आणि तेव्हाही या घरात कुणी हसलं नाही. ती हसली असती तर मी सुटलो असतो.

आपला,
दौलत